महिपतरावांचा पाऊण इंच

महिपतराव सदाशिव पेठेतले शिंपी. बत्तीस वर्षं माझ्या पँटी त्यांनीच शिवल्या. रस्त्यावर तयार कपड्यांची काचेची दुकानं आली तसं त्यांचं गिऱ्हाईक आटलं. तयार माप ज्यांच्या अंगाला बसत नाही असे आम्ही दहा-बारा जण तेवढे उरलो. मनाने फार भिडस्त माणूस. कुणाचा एक खांदा उतरलेला असला तर त्या बाजूला अस्तराचा जास्तीचा तुकडा घालत, पण गिऱ्हाइकाला कधी बोलून दाखवत नसत.

त्यांचा डावा खुबा आठ वर्षं झिजत होता. लंगडत लंगडत कटिंगच्या टेबलाभोवती फिरत. मुलगी नम्रता हिंजवडीतल्या कंपनीत लागली, कंपनीच्या विम्यात आईवडीलही बसले, आणि दोन हजार सहा साली खुबा बदलला गेला. दुखणं थांबलं.

सहा आठवड्यांनी मी कर्वेनगरला त्यांच्या घरी गेलो, तर हे पलंगावर उताणे आणि त्यांच्या पत्नी यमुनाबाई पायाशी टेप धरून उभ्या.

"सर, बरं झालं आलात. डावा पाय लांब झालाय," महिपतराव म्हणाले.

"सकाळपासून चौथ्यांदा मोजतेय," यमुनाबाई म्हणाल्या. "भाजी करपली. पाय काही तेवढ्यात वाढला नाही."

"बेंबीपासून घोट्यापर्यंत मोजा, सर. तुम्हीच मोजा."

मी मोजलं. डावा खरंच पाऊण इंच जास्त भरला. चालूनही दाखवलं त्यांनी. डाव्या पायाखाली पायरी आल्यासारखं वाटतं म्हणाले. उजव्या चपलेला पाऊण इंचाचा जाड तळ लावायला चपला चांभाराकडे टाकल्याही होत्या. मला त्यात गैर काही दिसलं नाही. टेप त्यांचा, मोजमाप माझं.

नम्रताला मात्र ते पटेना. "बाबा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घालायचं नाही. सर, प्लीज, उद्या तुम्ही जाल का यांच्याबरोबर? माझी रिलीज आहे." रिलीज म्हणजे काय ते मला कळलं नाही, पण गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी महिपतरावांना झोपवलं आणि कमरेच्या पुढच्या बाजूला, दोन्हीकडे जे हाड बोटाला टोचतं, त्यावर अंगठे ठेवले. "आम्ही इथून मोजतो. या हाडापासून आतल्या घोट्याच्या हाडापर्यंत. बेंबी काय, पोट हललं की हलते. हाड हलत नाही." मग मांडीच्या वर, बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा असतो, त्यावर बोट ठेवलं. "ऑपरेशनमध्ये हेही धरतो. नवा गोळा किती वर बसवायचा ते यावरून कळतं."

"तो तर माझा सीटचा पॉइंट," महिपतराव पुटपुटले. "तिथूनच टेप फिरवून पँटीचा घेर घेतो मी."

"मग आपलं एकच काम आहे म्हणायचं," त्या हसल्या. त्यांनी मोजलं. दोन्ही पाय अगदी सारखे भरले. महिपतरावांनी खिशातला स्वतःचा टेप काढून मलाही मोजायला लावलं. तेच आलं. मग पुन्हा बेंबीपासून. पाऊण इंच!

"दोन्ही खरं कसं असेल, बाई?"

"पाय सारखेच आहेत. तिरकी आहे ती कंबर; डावीकडे खाली झुकलीय, म्हणून बेंबीपासून डावा पाय लांब भरतो. आठ वर्षं तुम्ही डावीकडे कलून चाललात, ती सवय अजून गेलेली नाही. व्यायाम करा, बहुतेक तीन महिन्यांत सरळ होईल. पण चपलेला जाड तळ लावलात, तर ती आहे तशीच तिरकी राहील."

परतताना रिक्षा केली. लकडी पुलाशी एकदम म्हणाले, "चाळीस वर्षं या टेपवर पोट भरलं. आता कुणाचं खरं मानू? हाडावरून टेपही तेच सांगतो, बाईही तेच सांगतात, आणि माझा पाय भलतंच सांगतोय." मला तर कंबर तिरकी असूनही पाय सारखे कसे, हेच अजून नीट उमगलेलं नव्हतं.

चांभाराने चपला तयार ठेवल्या होत्या. उजवीचा तळ जाडजूड. महिपतरावांनी ती हातात घेतली, अंगठ्याने जाडी चाचपली, आणि तिथल्याच बाकावर बसून राहिले.

"सर, एक सांगू? रागवू नका."

"सांगा."

"तुमची उजवी बाजू मी पहिल्यापासून पाव इंच कमी कापतो."

मी उभा होतो तो नकळत पायांकडे बघायला लागलो. "म्हणजे? माझाही पाय…?"

"पाय का कंबर, देव जाणे. कापड नीट पडावं म्हणून कापतो. बोललो नाही. सांगितलं असतं तर तुम्ही त्या दिवसापासून लंगडायला लागला असता." त्यांनी हातातली चप्पल उलटी केली. "माझं तेच झालंय का हो? मोजलं म्हणून वाटतंय?"

"मला खरंच माहीत नाही, महिपतराव."

"मलाही नाही." त्यांनी ती चप्पल चांभारापुढे ठेवली. "काढून टाक तो तळ. पैसे दोन्हीचे घे, लावल्याचे आणि काढल्याचे."

"काका, आत्ताच तर चिकटवलाय!"

"म्हणूनच काढ. वाळला की निघणार नाही."

तळ निघाल्यावर त्यांनी चपला घातल्या, माझा दंड धरला आणि फुटपाथवर उतरले. चार पावलं टाकली.

"लांबच वाटतोय अजून," ते म्हणाले, आणि पाचवं टाकलं. शेजारून मीही चालत होतो. माझा उजवा पाय कुठे पडतोय, ते मला मेलं कळेना.