पेटी, कॅरिअर आणि मी
सायकलच्या ट्यूबचा रबरी वास आला की मला बायकोची संगीताची परीक्षा आठवते. कोथरूडहून येरवड्याला निघताना, "पेटी मी मांडीवर घेते," असं ती म्हणत होती; पण मी स्कूटरला मागे नवं कॅरिअर बसवलं होतं, त्यावर ट्यूबच्या पट्ट्यांनी पेटी आवळली. पुलावर कॅरिअरचं वेल्डिंग तुटून पेटी मडगार्डवर आदळली. पुन्हा बांधली, तर शंभर पावलांत पट्टीच तुटली. वैतागून मी कॅरिअरला लाथ घातली. समोरचे गॅरेजवाले चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो, लाथेनं वेल्डिंग होत नाही." परीक्षेला वीस मिनिटं उरली होती. बायको माझ्या पाठीला पाठ लावून उलटी बसली आणि तिनं पेटी कवटाळली. आम्ही वेळेत पोचलो, ती पहिली आली. "माझं चुकलं," एवढं मात्र मी तिला अजून म्हटलेलं नाही.