नव्या आवृत्तीत नसलेली ओळ

बारामतीत जोतीरामचं बाइंडिंगचं दुकान होतं. शाळेची हजेरीपत्रकं, वकिलांची पुस्तकं, पोथ्या, येईल ते तो शिवून द्यायचा. त्याचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. त्याच्या वाट्याला दाभण, दोरा आणि खळ आली.

एक्याण्णव साली कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या राजेश्वरी मॅडम पाठ उसवलेलं एक जाडजूड पुस्तक घेऊन आल्या. अमेरिकेतल्या भावानं दिलेलं. वर तलवार उगारलेला गडी आणि आग ओकणारा पंखवाला सर्प.

"गोष्टींचं हाय का, मॅडम?"

"खेळाचं आहे. एकानं प्रसंग सांगायचा, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि आपण काय करणार ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो."

जोतीरामची सुई थांबली. नियम सगळे छापलेले, आणि पुढं काय होणार ते छापणाऱ्यालाही ठाऊक नाही! असलं पुस्तक त्याच्या हाताखालून कधी गेलं नव्हतं.

दर रविवारी दुपारी दुकानातच डाव बसू लागला. मॅडम सांगायच्या. खेळायला जोतीराम, दूध केंद्रावरचा कुंडलिक आणि जोतीरामची आत्या कुशाबाई. आत्याला अक्षरओळख नव्हती, पण सुप्याच्या माळावर ओव्या ऐकत वाढलेली बाई. खेळ तिला सगळ्यांत आधी उमगला. ती बाणाई नावाची लढवय्यी झाली. ताकदीसाठी तीन फासे टाकले, तर पडले अठरा. त्याच्या वर आकडाच नव्हता.

मॅडम अडखळल्या. "आत्या, इथं लिहिलंय, बाईची ताकद इतकी धरायची नाही. चौदाच्या वर नाही."

"कुणी लिवलं ह्ये? त्याला म्हणावं, सुप्याला ये. आजारी मेंढी खांद्यावर टाकून घाट चढलीया मी."

पण नियम तो नियम. चौदा लिहिले गेले, आणि आत्या पाच वर्षं त्या चौदावर लढली. खेळही तसाच होता: दरीत उतरायचं, तिथले खुजे राक्षस मारायचे, खजिना वर आणायचा.

शहाण्णव साली भावानं नवी आवृत्ती पाठवली. नाव तेच. जोतीरामनं दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी उघडली आणि अडखळत वाचू लागला. प्रकरणं हलली होती. खजिन्याचं महत्त्व घटलं होतं, माणूस कुठून आला, कुणाशी इमान राखतो, याला पानंच्या पानं दिली होती. ज्या खुज्यांची आधी नुसती संख्या असायची, त्यांना आता झोपड्या होत्या, भाषा होती, लेकरं होती. बाईच्या ताकदीची ती ओळ त्यानं बोट फिरवून फिरवून शोधली. सापडेना. मॅडमनीही शोधली.

"काढून टाकलीय," त्या म्हणाल्या.

जोतीरामनं जुन्या पुस्तकातली ती ओळ पुन्हा वाचली. एकदा शिवलं की पुस्तक पुरं झालं, असं तो आजवर धरून चालला होता. आणि इथं सातासमुद्रापलीकडं कुणी खेळलं होतं, भांडलं होतं, आणि छापील पुस्तकानं ते ऐकलं होतं. नाव न बदलता ते आतून दुसरंच झालं होतं.

रविवारी आत्याला सगळं सांगितलं.

"मंग आता किती?"

"अठरा, आत्ये."

"खोड त्ये चौदा." त्यानं खोडल्यावर तिनं विचारलं, "आन् त्या दरीतल्यांची लेकरं? पयल्या पुस्तकात न्हवती व्हय?"

"न्हवती."

"न्हवती, का लिवली न्हवती?"

मॅडमनी हातातलं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

त्या दिवशी बाणाई दरीत उतरली ती तलवार वरच ठेवून. कुंडलिक कुरकुरला, "आत्ये, अठराची ताकद आली आन् तू हत्यार टाकून चाललीस?" पण तीन रविवार राक्षसांशी नुसतं बोलणं झालं. फासा एकदाच पडला, आणि तो त्यांनी बाणाईवर भिरकावलेला दगड लागतो की नाही, यासाठी. दगड चुकला.

चौथ्या रविवारी कुंडलिक जोतीरामच्या कानाशी लागला. "ह्यो त्योच खेळ हाय का रं?"

जोतीरामनं त्याला बघ म्हणून खुणावलं. समोर आत्या पुढं झुकून मॅडमना, म्हणजे मॅडम जिच्या तोंडानं बोलत होत्या त्या राक्षसांतल्या म्हातारीला, विचारत होती, "तुमी आमाला काय म्हनता गं? आमचं नाव काय हाय तुमच्यात?"

आणि मॅडम, पुस्तक न उघडता, उत्तर शोधत होत्या.