चप्पल घालून तपासलेला मिक्सर

तीन वेळा दुरुस्त केलेला तो मिक्सर आठवला की अजून माझं डोकं तापतं. थोडा राग माझ्यावर, बाकी सगळा त्याच्या मालकावर.

दर रविवारी सकाळी कॉलनीतल्या मंदिरामागच्या सभागृहात आम्ही पाच जण पेचकस घेऊन बसतो. बालाघाटातली एकही वस्तू दुरुस्तीविना कचऱ्यात जाऊ द्यायची नाही, अशी आमची गर्जना! पैसे घेत नाही, म्हणून कौतुक भरपूर घेतो.

मागच्या गल्लीतले एक साहेब आपला जुना स्टीलचा मिक्सर तिसऱ्यांदा घेऊन आले. "काहून फेकाचा? जुन्या वस्तूत जीव असते," असं भाषण ठोकत त्यांनी नव्याकोऱ्या मोबाइलवर मिक्सरसोबत स्वतःचा फोटो काढला. मी लाकडी बाकावर मिक्सर ठेवून फुटलेला भाग बदलला, बटण दाबलं. घर्रर्र! टाळ्या पडल्या. मी कमरेत वाकून मुजरासुद्धा केला.

तासाभरात त्यांची बायको आली. मिक्सर लेकरासारखा कडेवर.

"कोणं सुधारला हा?"

बक्षीस घ्यायला उठावं तशी मी उठले.

"बाई असून? अवो ताई, म्या पाडला होता तो. मुद्दाम! करंट मारते मले. स्वयंपाकघरात देव आहेत, तं चप्पल घालाची सोय नाही. पाटावर उभी राहून चटणी वाटतो मी!"

माझ्या पायात रबरी चप्पल होती. तिन्ही वेळा होती. टेस्टर एकदाही लावला नव्हता.

"साहेबांना सांगितलं नाही?"

"सांगतलं ना. मले तं काही होत नाही, म्हणते."

"ते वाटतात चटणी?"

"ते? त्यायले झाकण लावता येत नाही!"

साहेब मागोमाग पोचलेच. "अवो, चालून राह्यला ना चांगला!"

"भाऊ, चप्पल काढा," मी म्हटलं. "ओल्या फरशीवर उभे राहा अन् धरा याले."

ते आपल्या पायांकडे बघत राहिले. चप्पल काही काढली नाही.

म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं! मी पक्कड उचलली आणि वायर मुळापासून कापली.

"अवो, अवो!" साहेब ओरडले.

बाईंनी तुटकी वायर उचलून हाताला गुंडाळली.

"हे मी नेतो, ताई. तुमचा काही भरोसा नाही. पुन्हा जोडसान."