ससाण्याकडून शिकार सोडवताना

गावी रानडुकराच्या शिकारीत चुलत्यांनी मला कधी बंदुकीला हात लावू दिला नाही. मी डबे बडवत डुक्कर उठवायचो, गोळी त्यांची पोरं घालायची. तो राग अजून उतरलेला नाही. म्हणून इथे आखातात, हमरिया बंदरावर, वर्षानुवर्षं माझा माल घेणारे एक म्हातारे अरब म्हणाले, "बेटी को भेजो, बाज सिखाऊंगा," तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

बायको भडकली. "सोळा वर्षांची पोर पक्ष्यांचे गळे कापणार?"

"मॉलमधून आणतेस ती कोंबडी काय आत्महत्या करून येते?"

आपण खातो ते कसं मरतं, हे पोरांनी स्वतःच्या हातांनी शिकावं, असं माझं आजही मत आहे.

हिवाळा लागल्यापासून ती त्यांच्याकडे ससाणा हाताळायला शिकत होती. पहिली खरी शिकार नीट झाली, तर उरलेला हंगामभर ससाणा तिच्या हाती राहणार होता. त्या शनिवारी राखीव वाळवंटात पैदास केंद्रात वाढवलेला हुबारा सोडला. हा माळढोकाच्या जातीचा दांडगा पक्षी. मुलीने ससाण्याच्या डोळ्यांवरची टोपी काढली. वरून दगड आदळावा तसा तो हुबाऱ्यावर कोसळला. हुबारा पडला, उठला, ससाण्याच्या तोंडावर चिकट विष्ठा उडवून लाथा झाडू लागला. दोघं वाळूत गडगडले. पिसं उडाली. ससाण्याने मान चोचीत धरली. मुलगी धावली, गुडघे टेकले, म्हाताऱ्यांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि तिने गळा चिरला. रक्त तिच्या मांड्यांवर उडालं. पंख तरीही फडफडत होते.

ससाणा पंख पसरून शिकारीवर बसला आणि छाती फाडू लागला. सगळा माल डोळ्यांदेखत वाया चालला होता.

"यल्ला, लवकर काढ ना ते," मी ओरडलो.

"बाबा, वेट." ती पिशवीतून कबुतराची तंगडी काढत होती.

मी हुबाऱ्याला हिसका दिला. ससाण्याने तो सोडून माझा पंजा धरला. नखी अंगठ्याच्या मुळाशी हाडापर्यंत गेली. ओढावं तितकी घट्ट. मी दुसरी मूठ उगारली, तर पोरीने मनगट पकडलं. "डोन्ट यू डेअर."

तिने तंगडी पुढे धरली. त्याने मांसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सावकाश नख्या सुटल्या आणि तो तिच्या हातमोज्यावर चढला. म्हाताऱ्यांनी हुबारा गुपचूप कापडाखाली सरकवला.

"छीनता नहीं, बदलता है," ते मला म्हणाले. "छीनोगे, तो अगली बार शिकार लेके उड़ जाएगा. बेटी हर हफ्ते आएगी. तुम नहीं."

"गाडी में बैठूंगा."

"नहीं."

"टेकाडावरून, लांबून..." रागात मी मराठीवर आलो होतो.

"खलास."

मी मुलीकडे पाहिलं. ती ससाण्याला टोपी घालत होती.

"ड्रायव्हर विल ड्रॉप मी, बाबा," ती म्हणाली, आणि ससाणा म्हाताऱ्यांच्या हाती देऊन हुबाऱ्याची पिसं उपटायला बसली.