नाकाला हात लावायचा नाही

तोफ्याला अजून तोफ्या म्हणणारे चार-पाचच लोक उरले होते, आणि त्यातले दोघे सिमेंटच्या दुकानात कामाला होते. बाकी जगासाठी तो फरशीवाला. वय छत्तीस, गुडघ्यांचं वय साठ. सकाळी आठला कुणाच्या तरी न्हाणीघरात गुडघे टेकायचे, फरशी ठेवायची, रबरी हातोड्याने ठोकायची, लेव्हलचा बुडबुडा मधोमध आला की पुढची. काम चोख. त्याने बसवलेली फरशी हलली अशी तक्रार आजवर कुणी केलेली नाही.

एके काळी मात्र या माणसाने बॉक्सिंगच्या ओळीने एकवीस लढती जिंकल्या होत्या. त्यातल्या सतरा पहिल्या दोन राउंडमध्ये. समोरचा नीट उभा राहतोय न राहतोय तोवर आडवा. पेपरात फोटो यायचे, भाजी घ्यायला गेलेल्या आईला लोक अडवून अभिनंदन करायचे. सगळ्यांनी मिळून त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि तोही चढला. तेविसाव्या वर्षी कोण चढत नाही?

मग देशातल्या पहिल्या पाचातला एक जण समोर आला. पहिल्याच मिनिटाला त्याचा ठोसा तोफ्याच्या नाकावर बसला. फार जोराचाही नव्हता. पण तोफ्या जागच्या जागी थांबला. रांगेत कुणीतरी मध्ये घुसल्यावर माणूस जसा बघतो, तसा तो रेफ्रीकडे बघत राहिला, आणि दुसरा, तिसरा, चौथा ठोसाही त्याच नाकावर पडला. पुढच्या तीन मोठ्या लढतींतही हेच झालं. एकवीस जिंकल्या, चार हरल्या. त्यानंतर बोलावणं आलं नाही.

असं का झालं हे त्याला तब्बल आठ वर्षांनी कळलं. त्याला घडवणाऱ्या वस्तादांच्या जिममध्ये त्याच्यासमोर सरावाला उभा राहणारा एक जाडा इलेक्ट्रिशियन होता. त्याच्या स्वयंपाकघरात फरशी बसवताना, चहाचा कप पुढे करत तो सहज बोलून गेला, "तुला मारायचं नाही असा हुकूमच होता रे. जिन्यातच सांगायचे वस्ताद. पोटात मारा, खांद्यावर मारा, नाकाला हात लावायचा नाही. पोराचा आत्मविश्वास जाईल म्हणायचे."

तोफ्याने चहा संपवला, उरलेली ओळ पुरी केली आणि घरी गेला. वस्तादांचा राग यावा असं त्याला फार वाटत होतं, पण येईना. वडील गेले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. त्यानंतर दहा वर्षं याच माणसाने त्याला जेवू घातलं, तळहातावरच्या फोडासारखं जपलं. जपलं, तिथेच सगळं बिघडलं.

आता त्याच जिममध्ये त्याची भाची होती. बहिणीची मुलगी, एकोणीस वर्षांची. अकरा लढती, अकरा विजय, आणि पेपरात फोटो. नऊ दिवसांनी तिची गाठ देशातल्या दुसऱ्या नंबरच्या बाईशी पडणार होती. ती बाई डावखुरी, आणि वस्तादांच्या ओळखीत रिकामा डावखुरा एकच, तोफ्या. तिच्यासमोर सरावाला ये म्हणून त्यांचा फोन आला.

टायरच्या दुकानावर जिम, तिथे जायला बाजूने लोखंडी जिना. वस्ताद मधल्या पायरीवर थांबले होते. सत्तरी उलटली, तरी पाठ ताठ.

"हळू घे. नुसती फिरवत राहा तिला," ते म्हणाले. "आणि नाकाला..."

"हात लावायचा नाही," तोफ्या म्हणाला.

"शहाणा आहेस."

पहिले दोन राउंड तो शहाण्यासारखाच वागला. पोरगी सुरेख खेळत होती, खोटं कशाला बोला. पाय हलके, हात विजेसारखे. पण ठोसा मारून झाला की हात खाली, हनुवटी उघडी, चेहऱ्यावर हसू. आपल्यालाही कुणी मारू शकतं ही गोष्ट तिच्या गावीही नव्हती. तोफ्याने हे हसू स्वतःच्या जुन्या फोटोंत पाहिलं होतं.

राउंड संपल्यावर तो स्टुलावर बसला. छाती भात्यासारखी चालली होती. आपल्याला काय करायचंय, असं त्याला मनापासून वाटलं. बहिणीने बजावून ठेवलं होतं, "हे बघ, पोरीला काही झालं तर मी तुझं तोंड बघणार नाही." वस्तादांना दुखवायची त्याची कधीच छाती झाली नव्हती. गप्प राहावं, तिसरा राउंड उरकावा, घरी जाऊन गुडघ्यांना शेक द्यावा. पण मग नऊ दिवसांनी ही पोरगी भर गर्दीत रेफ्रीकडे बघत उभी राहील, आणि तो खुर्चीत बसून बघेल. घंटा वाजली.

त्याने डावा हात सरळ सोडला. नाकावर.

भाची थांबली. रडली नाही, चिडली नाही, नुसती मान वळवून वस्तादांकडे बघायला लागली. तोफ्याने दुसरा मारला. मग तिसरा. हेडगार्डखालून रक्ताची बारीक धार ओठावर आली आणि वस्ताद दोर ओलांडून आत शिरले.

"चालता हो," ते म्हणाले. आवाजही चढवला नाही त्यांनी.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाची त्याच्या कामावर आली. नाक सुजून बटाट्याएवढं. पालथ्या बादलीवर बसली आणि बराच वेळ त्याचे हात बघत राहिली.

"मामा, ठरवून मारलंस ना?"

"हो."

"आईला सांगितलं, दाराला आपटले." तिने सुजलेलं नाक चाचपलं. "मला तेव्हा काही सुचलंच नाही. असा बसला की पुढे काय करायचं?"

तोफ्याने थापी खाली ठेवली. या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे असेल असं त्याला रात्रभर वाटत होतं. त्याने शोधलं. चारही लढती एकेक करून आठवल्या.

"मला माहीत नाही गं."

"चार वेळा खाऊनसुद्धा?"

"चार वेळा खाऊनसुद्धा."

"आणि वस्तादांना?"

"त्यांना माहीत असतं तर मला शिकवलं नसतं का?"

मग ती म्हणाली, ही लढत सोडते, पुलापलीकडच्या जिममध्ये शिकायला जाते, आईचं मी बघते. "पण वस्तादांसमोर माझी जीभ रेटणार नाही, मामा."

"त्यांना मी सांगतो," तोफ्या म्हणाला. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही म्हणतात, पण छत्तिसाव्या वर्षी उडी मारायला माणूस दमलेला असतो.

संध्याकाळी तो जिना चढला तेव्हा वस्ताद एकटेच बाकावर बसून हाताच्या पट्ट्या गुंडाळत होते. त्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. पोरगी जातेय. पुलापलीकडे. तिथे नाकावर मारतात म्हणे.

वस्तादांनी हातातली पट्टी पुरी गुंडाळली.

"तिथला माणूस इथे आला होता," ते म्हणाले. "तुझी बारावी लढत झाल्यावर. म्हणाला, हा मला द्या, याला मार खायला शिकवतो. तू आत जेवत होतास."

"मग?"

"जिन्यावरूनच परत पाठवला." त्यांनी दुसरी पट्टी उचलली, पण गुंडाळली नाही. "त्याचं बरोबर होतं, तेव्हाच कळत होतं मला. पण तू गेला असतास तर परत आला नसतास."

तोफ्या त्यांच्या शेजारी बाकावर बसला.

"आलो असतो," तो म्हणाला. "रोज जेवायला आलो असतो."