पुठ्ठ्याचं इंजिन

आमची आत्या मेकॅनिक. आजोबांच्या जुन्या गाडीत नवं इंजिन बसवते म्हटल्यावर सगळ्या गॅरेजवाल्यांनी तिला वेड्यात काढलं. इंजिन उंच आहे, बॉनेट कापावंच लागेल, म्हणे! "कापा तुमची नाकं," असं सुनावून तिने आधी पुठ्ठ्याचं इंजिन बनवलं, ते आत ठेवून पाहिलं आणि मग खऱ्या इंजिनाची बैठक दोन बोटं खाली घेतली. बॉनेट अलगद बसलं.

आजोबांनी चावी फिरवली. त्यांना जुन्या धडधडीची सवय. आवाज आला नाही म्हणून पुन्हा फिरवली, तसा स्टार्टर किंचाळला.

"अगं, सुरूच होत नाहीये!"

"बाबा, ती मघाशीच सुरू झालीय."

जन्मात कुणाला स्टिअरिंगला हात लावू न देणारे आजोबा मुकाट्याने उतरले, वळसा घालून शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चालव."