तपासणीच्या गाद्या

गादी अंगाखालून ओढली तशी मी फरशीवर आपटले. कोपर सोलवटलं. ओढणारे आण्णा होते. आण्णा म्हणजे आमचं वसतिगृह चालवणारा माणूस. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, तोंडात कायम सुपारी.

"ऊसतोड्याच्या पोरीला गादी लागती व्हय गं? पाचटावर झोपायची सवय हाय की तुमाला."

गुरुजी हसले. टेम्पोवाला हसला. माझ्याबरोबरच्या पोरीही हसल्या. आण्णा हसले की हसायचं, हे तिथं पाढ्यांच्या आधी शिकवलं जायचं.

दिवाळी झाली की आमचे आईबाप टोळीबरोबर कारखान्याला जायचे. गाव ओस पडायचं. म्हातारी माणसं, कुत्री आणि आम्ही. पोरांची शाळा बुडू नये म्हणून सरकारनं हंगामी वसतिगृह काढलं होतं. शाळेच्याच खोल्या. राहायचं, जेवायचं, झोपायचं, सगळं सरकारच्या पैशानं. म्हणजे कागदावर. आम्ही झोपायचो शहाबादी फरशीवर, खताच्या पोत्यावर. थंडीत एकमेकींच्या पोटात पाय घालून.

त्या सकाळी टेम्पो आला आणि गाद्या उतरल्या. निळ्या फुलांच्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. खोलीभर नव्या रेक्झिनचा वास. आम्हाला वाटलं, आपल्या गाद्या आल्या. गुरुजींनी दटावलं, "शेजारी मांडी घालून बसा. कोणी हात लावायचा न्हाई."

मग तपासणीचे साहेब आले. साहेब चालत चालत माझ्यासमोर थांबले. "काय गं, गादीवर झोप लागते का चांगली?"

लागते साहेब, असं म्हणायला शिकवलं होतं. पण मी म्हणाले, "आज झोपून बघते साहेब, उद्या सांगते."

मी आगाऊपणा केला नव्हता. मला खरंच तसं वाटत होतं. साहेब मोठ्यानं हसले. आण्णांकडे बघून हसले, आण्णा त्यांच्याकडे बघून हसले. त्या हसण्याचा अर्थ कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली. साहेबांना सगळं ठाऊक होतं. ते चिडले असते, एकदा आवाज चढवला असता, तरी मी त्यांना जन्मभर देव मानलं असतं. ते हसले, सही केली आणि आण्णांच्या घरी मटण खायला गेले.

साहेब गेले, आता गादी आपली, असं समजून मी तिच्यावर आडवी झाले. चूक झाली ती एवढीच. आण्णा परत आले ते गाद्या गोळा करायला. पुढच्या गावात दुपारी तपासणी होती. तिथलं वसतिगृहही आण्णांचंच, त्याच गाद्या तिथं जायच्या होत्या. टेम्पो निघाला, आम्ही दारात उभं राहून धुरळा बघत राहिलो. रात्री पोतं अंथरलं.

पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला. त्या दिवसाआधी मला पाचटाची लाज वाटली नव्हती. अगदी लहान होते तेव्हा मीही आईबरोबर फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहिलेली. आई पाचटाचा थर द्यायची, वर जुनं लुगडं टाकायची. टोचायचं, अंगाला खाज सुटायची. पण ऊब असायची आणि आई असायची. त्या माणसानं माझ्या आईचं अंथरूण शिवीसारखं वापरलं. तेव्हा जे वाटलं ते अजून वाटतं. त्याला राग म्हणत नाहीत. त्याला किळस म्हणतात.

शिकले. कशी शिकले ते सांगत बसत नाही, आमच्याकडं सगळे एकाच वाटेनं शिकतात, अर्धपोटी. परीक्षा दिली आणि सरकारी खात्याच्या लेखा शाखेत लागले. आई गावभर सांगत फिरली, "माझी पोरगी सरकारचा हिशोब बघती." मीही छाती फुगवून वडवणीच्या एसटीत बसायचे. वाटायचं, आता त्या बाजूला नाही, या बाजूला आहे.

या बाजूला काय असतं ते बघितलं. अनुदान येतं ते खर्चायला नसतं, संपवायला असतं. मार्च आला की कार्यालयाला ताप चढतो. लग्नघर बरं, एवढी धावपळ. पैसे परत गेले तर पुढच्या वर्षी कमी मिळतील, म्हणून काहीही घ्या, कुठूनही बिल आणा, पण संपवा. मग उपयोगिता प्रमाणपत्र. दिलेला पैसा दिलेल्या कामालाच लागला, असं साहेबानं सहीनिशी वर कळवायचं. ते प्रमाणपत्र तर वस्तूच्या आधीच तयार असायचं. पाळण्याआधी बारसं.

आमचे लेखाधिकारी फार गोड बोलणारे. कधी अरे-तुरे नाही. मला 'मॅडम' म्हणायचे आणि माझ्या डब्याकडं बघून नाक किंचित वर करायचे. पहिल्याच वर्षी त्यांनी वसतिगृहांच्या साठा पडताळणीचे कागद माझ्यापुढं सरकवले. पडताळणी म्हणजे सरकारी पैशानं घेतलेली वस्तू जागेवर आहे का, हे दरवर्षी डोळ्यांनी बघायचं. मी विचारलं, "कधी जायचं साहेब?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "मॅडम, वस्तू जागेवर आहेत असं लिहायचं असतं. त्या जागेवर असतात का, हा आपला विषय नाही."

"पण न बघता..."

"तुमच्या टोळीत सगळं उक्तं असतं ना, मोजमाप न करता? तसंच धरा."

शाखा हसली. चहा आला. मी सही केली. दुसऱ्या वर्षीही केली. टेबलाशी बसून गाद्या बघितल्या, चादरी बघितल्या, ताटं बघितली. बिस्किट चहात बुडवत सगळं बघितलं. पगाराला घट्ट धरून बसले होते. नोकरी गेली तर आई परत उसाच्या फडात जाईल, हे दिसायचं. भिकार भीती. पण होती.

मग ऑडिट पार्टी येणार अशी बातमी आली. दरवर्षी येते, दरवर्षी धाब्यावर जेवते आणि जाते. या खेपेला त्यांच्यातला एकजण अडून बसला होता म्हणे, एक तरी वसतिगृह प्रत्यक्ष बघायचं. कार्यालयात सुतक पडलं. मग लेखाधिकारी साहेबांनी मला बोलावलं. "मॅडम, तुम्ही आदल्या दिवशी पुढं जा. सगळं मांडून घ्या. आणि कुठली पोरगी काय बोलेल, ते नीट शिकवून ठेवा. तुम्हाला अनुभव आहे." शेवटचं वाक्य हसत म्हणाले.

अनुभव आहे. माझ्या सेवापुस्तकात माझ्या शाळेचं नाव होतं. त्यांनी ते वाचलं होतं आणि असं वापरलं.

डोंगरपट्ट्यातलं गाव. थंडीचे दिवस. शाळेत पोहोचले तेव्हा टेम्पो उभाच होता. गाद्या उतरत होत्या. फुलं आता निळी नव्हती, तपकिरी होती. प्लॅस्टिक तसंच. आणि झाडाखाली खुर्ची टाकून आण्णा. केस पांढरे झालेले, सुपारी तीच.

आण्णांनी मला ओळखलं नाही. उठून उभे राहिले. "या मॅडम, या. बसा. ए, चहा सांग रे मॅडमला." मी माझ्या गावाचं नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बघेल.

"आरं तिच्या! आपलीच पोरगी की तू! आपल्याच वसतिगृहाची!" आजूबाजूच्यांना ओरडून सांगितलं, "बघा बे, आपली भाकर खाऊन मॅडम झाली. आता काय काळजी हाय आपल्याला?"

माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा मी अजून धुते.

उठून खोलीत गेले. गाद्या मांडून झाल्या होत्या. शेजारी पोरी मांडी घालून बसलेल्या. एकीच्या अंगात बापाचा स्वेटर होता, बाह्या लोंबत होत्या. मी तिला म्हणाले, "गादीवर बस की गं."

ती जागची हलली नाही. "न्हाई मॅडम. उद्या न्यायच्या हायत."

"कोणी सांगितलं?"

"कुनी कावून सांगाया पायजे? दरसालच नेत्यात."

मी तिच्याएवढी असताना निदान फसले तरी होते. गादी आपली आहे असं मला एक सकाळ तरी वाटलं होतं. या पोरीला तेवढंही वाटत नव्हतं. आम्ही हिशोब लिहिणाऱ्यांनी, तपासणाऱ्यांनी, सह्या करणाऱ्यांनी मिळून एवढी प्रगती केली होती. मला माझ्या हाताची किळस आली. याच हातानं सही केली होती.

सरकारी वस्तूवर नंबर टाकायचा असतो. कार्यालयाच्या खुर्चीखाली वाकून बघा, पंख्याचं पातं बघा, कपाटाची बाजू बघा. ऑइलपेंटनं लिहिलेलं असतं, कुठल्या कार्यालयाचं, कितवं. शिपायालाही ठाऊक असतं. या गाद्यांवर काही नव्हतं. नंबर नाही म्हणून त्या कुठल्याच गावच्या नव्हत्या, आणि म्हणून सगळ्या गावांच्या होत्या.

शाळेच्या भिंतीवर सुविचार रंगवायचं काम चाललं होतं. ओट्यावर लाल रंगाचा डबा आणि ब्रश पडलेला. मी डबा उचलला. पहिल्या गादीचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं. उताणी घातली आणि मधोमध मोठ्या अक्षरात गावाचं नाव लिहिलं, खाली वसतिगृह, खाली नंबर. पोरी उठून उभ्या राहिल्या. मी दुसरी ओढली.

आण्णा धावत आले. "मॅडम, मॅडम, काय करायलाव? नासली की गादी!"

"नासू द्या. इथंच राहायची आहे."

"आवो परवा दुसऱ्या गावाला लागत्यात!"

आण्णा सगळ्यांसमोर बोलून गेले. मग जीभ चावली. मी लिहीत राहिले. त्यांनी साहेबांना फोन लावला आणि माझ्या कानाला धरला. साहेबांचा गोड आवाज.

"मॅडम, ब्रश खाली ठेवा."

"नंबर टाकतेय साहेब. पडताळणी आहे ना."

"मी सांगतो तेवढंच करायचं."

"दोन वर्षं केलं साहेब. आता बघून करते."

गोडी गेली. "कितीही खुर्चीवर बसवा, कोयत्याची जात ती कोयत्याचीच."

बरोबर ओळखलं. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. माणसाला हत्याराचं नाव. जन्मभर ते नाव मला खुपायचं. त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं. मी फोन बाजूला सारला आणि पुढची गादी घेतली.

आण्णांनी टेम्पोवाल्याला गाद्या उचलायला सांगितलं. त्यानं एक उचलली. ओला रंग त्याच्या सदऱ्याला लागला. त्यानं सदऱ्याकडं बघितलं, आण्णांकडं बघितलं आणि गादी खाली टाकली. "तुमीच उचला आण्णा. माझा नवा सदरा हाय." त्याला माझा पुळका नव्हता, सदऱ्याचा होता. मला तेवढं पुरलं.

सगळ्या गाद्यांवर लिहून झालं तेव्हा कंबर धरली होती. स्वेटरवाली पोरगी जवळ आली. रंगाकडं बोट करून म्हणाली, "हे आमच्या गावाचं नाव हाय."

"हो."

"मग न्हाई नेता यायच्या?"

"नेल्या तर कुणाच्या नेल्या ते कळेल."

ती गादीच्या कडेला टेकली. रंग सोडून, अगदी कडेला. अर्धी फरशीवर, अर्धी गादीवर. पूर्ण बसली नाही. मीही आग्रह केला नाही. तिचा अजून विश्वास नव्हता आणि तो का असावा?

दुसऱ्या दिवशी ऑडिट पार्टी आली. तपकिरी फुलांवर लाल अक्षरं बघून अडून बसलेल्या माणसानं दुसऱ्या गावातल्या गाद्या दाखवा म्हणून सांगितलं. आण्णांच्या छातीत कळ आली आणि ते बीडच्या दवाखान्यात भरती झाले. ऑडिटच्या दिवशी येणारी कळ. पुढं काय झालं? फारसं काही नाही. पार्टीनं शेरा लिहिला, शेऱ्याला खुलासा गेला, खुलाशाला मान्यता मिळेल. आण्णा बरे होऊन घरी आलेत. साहेब अजून साहेब आहेत.

मला मात्र नोटीस आली. कारणे दाखवा. आरोप असा, की मी शासकीय मालमत्ता विद्रूप केली. वाचताना मला हसू आलं. जी मालमत्ता गावोगाव भाड्याच्या वाजंत्र्यासारखी फिरत होती, ती विद्रूप नव्हती. तिच्यावर मालकाचं नाव आलं आणि ती विद्रूप झाली.

शाखेतले म्हणतात, माफी लिहून दे, वार्षिक वेतनवाढ वाचेल. आईला सांगितलं तर ती घाबरेल असं वाटलं होतं. ती भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "पोरी आता गादीवर निजत्यात का?"

म्हटलं, "त्या एका गावातल्या निजतात."

"आन बाकीच्या गावातल्या?"

मी नकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, "मग माफी कशाची लिहिती बया? काम तर अर्धंच झालंय."

खुलासा लिहिला. एकाच ओळीचा. गाद्या मी रंगवल्या आणि उरलेल्या गावांतल्याही रंगवणार आहे. यंदाच्या पडताळणीचे कागद टेबलावर आले आहेत. जिथं गादी दिसणार नाही तिथं 'आढळली नाही' लिहीन आणि खाली माझी सही करीन, पूर्ण नावानिशी, बापाच्या नावासकट. बदली करा. वेतनवाढ अडवा. निलंबित करा.

लाल रंगाचा डबा माझ्या खणात आहे. ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवलाय, वाळू दिलेला नाही.